पिकअपच्या आरशाला ऊब: गरम होणारा साइड मिरर कसा चालतो आणि कसा बसवायचा

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हाच मागच्या रांगेत हसू उमटलं, ते आम्ही पाहिलं. आरसा गरम करायचा, आणि तोही संभाजीनगरात? मे महिन्यात दुपारी जालना रोडवर गाडी उभी केली तर आरशाला बोट लावता येत नाही. तिथे आणखी कसली ऊब द्यायची? शंका रास्त आहे. म्हणून वायर, रिले, फ्यूज यांच्याकडे वळण्याआधी हे कुणाला लागतं आणि कुणाला लागत नाही, ते आधी बोलू.

डिसेंबर-जानेवारीतली पहाट घ्या. फुलंब्री किंवा कन्नडकडून अद्रक, कोबी, टोमॅटो भरलेली पिकअप जाधववाडीच्या बाजारात उजाडायच्या आत पोहोचवायची असते. गाडी रात्रभर शेतात, उघड्यावर उभी होती. सेल मारला, वायपरनं पुढची काच साफ झाली, आतल्या ब्लोअरनं तिची धुकटही गेली. पण बाजूच्या आरशांना ना वायपर, ना ब्लोअर. त्यांच्यावर दवाचा पांढरा पडदा तसाच. ड्रायव्हर खिडकी खाली करून उजवा आरसा हातानं पुसतो. डावा आरसा त्याच्या हाताला पोहोचतच नाही. क्लीनर सोबत असेल तर ठीक. पण आता पिकअपवर क्लीनर ठेवणं किती जणांना परवडतं?

इथे पिकअप आणि कार यांच्यातला फरक लक्षात घ्या. कारमध्ये आतला आरसा असतो, त्यातून मागची काच दिसते. पिकअपमध्ये हौदात क्रेट रचले, वर ताडपत्री बांधली की आतला आरसा फक्त ताडपत्री दाखवतो. मग मागचं जे काही दिसायचं ते बाजूच्या दोन आरशांतच. त्यातला डावा दवानं आंधळा झाला तर गाडीची अख्खी डावी बाजू गेली. आपल्याकडे दुचाकीवाले डावीकडूनच शिरतात, शाळेची सायकलही डावीकडेच असते आणि दूधवालाही. पहाटे साडेपाचला वळण घेताना डावीकडे काय आहे हे माहीत नसणं म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आम्ही सांगायची गरज नाही.

दुसरी जागा घाटाची. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ५२, पूर्वीचा २११. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर तिथून जड वाहनं बंद झाली, पण पिकअप जातातच. पावसाळ्यात तिथे ढग रस्त्यावर उतरलेला असतो. हिवाळ्यात वरच्या पठारावर गार झालेली काच खालच्या दमट हवेत आली की तिच्यावर ओल धरते. म्हैसमाळचं, खुलताबादच्या घाटाचंही तेच. तेव्हा ज्याची गाडी दिवसा नऊ ते सहा वाळूज आणि चिकलठाण्याच्या मधे फिरते, त्यानं हा खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत. ज्याचा धंदा पहाटेचा किंवा घाटातला आहे, त्यानं पुढचं ऐकावं.

आता दव का पडतं ते पाहू. पुस्तकात एक वाक्य असतं, हवा थंड झाली की तिच्यातलं पाणी बाहेर पडतं. ते बरोबर आहे, पण आपल्या कामाला अपुरं आहे. हवा मोकळीच आहे, धुकं नाही, तरी आरसा ओला का? कारण आरसा हवेपेक्षाही थंड होतो. स्वच्छ आभाळाच्या रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत असते. ढग असले तर ते पांघरुणासारखे ती थोडी परत देतात, पण आपल्या पठारावर हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं. म्हणून गाडीचा टप, बोनेट, काचा, आरशाची टोपी हे सगळं आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी खाली जातं. झाडाखाली उभी केलेली गाडी सकाळी कोरडी आणि उघड्यावरची ओली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. झाड तिथे ढगाचं काम करतं.

हवेतलं पाणी कोणत्या तापमानाला काचेवर बसायला लागतं, त्याला दवबिंदू म्हणतात. तो काढायचा एक ठोकताळा आहे, तो वहीत लिहून घ्या. शंभरातून हवेची आर्द्रता वजा करायची, उरलेल्याला ५ नं भागायचं, आणि आलेला आकडा हवेच्या तापमानातून वजा करायचा. समजा पहाटे हवा १२ अंश आहे आणि आर्द्रता ८५ टक्के. शंभरातून ८५ गेले, उरले १५. पाचानं भागले, ३. बारातून ३ गेले, ९. म्हणजे काच ९ अंशाला आली की ती ओली होणार. हवा १२ आणि आभाळाकडे उष्णता सोडून काच ९. झालं की गणित! आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असेल तर हा ठोकताळा चुकायला लागतो, पण तेव्हा दवही पडत नाही, त्यामुळे आपलं काही अडत नाही.

या गणितात एक चांगली बातमी दडलेली आहे. काच दवबिंदूच्या वर ठेवायला फार उष्णता लागतच नाही. ९ अंशांची काच १३-१४ अंशांवर नेली तरी तिच्यावर नवीन दव बसणार नाही. आरसा तव्यासारखा तापवायचा नाही, नुसता कोमट ठेवायचा. हे समजलं की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो: किती वॅटचा पॅड घ्यायचा, किती वेळ चालू ठेवायचा, वायर किती जाड हवी.

हिशेब करून बघू. पिकअपचा आरसा साधारण २० सें.मी. उंच आणि १५ सें.मी. रुंद धरा. क्षेत्रफळ ३०० चौरस सें.मी. काच २ मि.मी. जाड असेल तर तिचं वजन सुमारे १५० ग्रॅम. काचेचा एक ग्रॅम एक अंशानं तापवायला ०.८४ ज्यूल लागतात, म्हणजे या आरशाला एक अंशासाठी १२५ ज्यूलच्या आसपास. १५ वॅटचा पॅड सेकंदाला १५ ज्यूल देतो. दहा अंशांसाठी सव्वा ते दीड मिनिट. मधे थोडी उष्णता मागे टोपीकडे आणि वाऱ्यावर जाते, म्हणून दोन-तीन मिनिटं म्हणा. ठीक आहे?

पण हे झालं कोरड्या काचेचं. काचेवर आधीच पाणी असेल तर ते उडवायचं काम वेगळं आणि जास्त जड. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २४५० ज्यूल लागतात. काचेवर धुकट म्हणून जो पातळ पडदा असतो तो सरासरी ०.०२ मि.मी. धरला, तर आपल्या आरशावर ०.६ ग्रॅम पाणी झालं. १५ वॅटला ते उडवायला दीड-पावणेदोन मिनिटं. मात्र रात्रभराचं दाट दव, बोट फिरवलं की धार लागते असं, ०.१ मि.मी. असेल तर ३ ग्रॅम. त्याला आठ मिनिटं, आणि तीही सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तर. प्रत्यक्षात आणखी जास्त. म्हणून पॅड बसवल्यावर पहाटेची पद्धत अशी ठेवा: निघण्याआधी फडक्यानं दोन्ही आरसे एकदा पुसून घ्या आणि मग स्विच दाबा. मोठं काम फडक्यानं करायचं, राखणीचं काम विजेनं. पुसलेला आरसा दहा मिनिटांत परत धूसर होतो हीच ड्रायव्हरची खरी तक्रार असते, आणि तीच हा पॅड मिटवतो.

पावसाचं काय? इथे दुकानात जरा जास्तच सांगितलं जातं. १५ वॅट तासभर चालले तर सगळे मिळून २२ ग्रॅम पाणी उडवू शकतात. चहाचा छोटा कप पाव भरेल एवढंही नाही. तासाला १० मि.मी. पाऊस म्हणजे काही मुसळधार नव्हे, पण तेवढ्या पावसात ३०० चौरस सें.मी. आडव्या जागेवर तासाला ३०० ग्रॅम पाणी पडतं. आरसा उभा असतो, तोंड मागे असतं, टोपीचा आडोसा असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला बरंच कमी येतं. तरीही धावत्या गाडीमागे वारा गोल फिरतो आणि थेंब आणून काचेवर मारतो. तेव्हा आषाढातल्या सरीत गरम आरसा कोरडा राहील ही अपेक्षा सोडा. भुरभुर पावसात, घाटातल्या ढगात तो कामाचा. थेंब बारीक राहतात, धुकट धरत नाही, सर थांबली की काच लवकर मोकळी होते. एवढंच, आणि एवढं पुरेसं आहे.

पूर्वी ड्रायव्हर मंडळी काचेवर तंबाखू चोळायची, कुणी बटाट्याची फोड, कुणी साबण. त्यात तथ्य होतं. थेंब थेंब न राहता पाणी पसरून पातळ थर होतो आणि त्यातून दिसतं. पण एक पाऊस पडला की ते धुऊन जातं. शिवाय पसरलेल्या थरावर आपल्या रस्त्यांची धूळ इतकी छान बसते की विचारू नका.

आता वस्तूकडे येऊ. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, पूर्ण आरसाच, काचेमागे तापणारी जाळी आधीपासून बसवलेली. दुसरा, नुसता पॅड: पातळ प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये तापणारी पट्टी, एका बाजूला चिकट थर, दोन वायरी बाहेर. कारच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीतूनच गरम आरसे येतात, पण आपल्या पिकअपच्या मापाची तयार काच सहसा मिळत नाही, म्हणून बहुतेकांना पॅडच घ्यावा लागतो. तो आरशापेक्षा थोडा लहान घ्या, कडेला चारही बाजूंनी काही मि.मी. जागा सुटली पाहिजे. कात्रीनं कापून माप जुळवू नका. आतली पट्टी कापली गेली तर एक तर पॅड मरतो, नाही तर एका जागी जास्त तापून काच तडकते. आणखी एक, कोपऱ्यातला मारुती-गणपतीचा स्टिकर काढून ठेवा. पॅड मागच्या बाजूनं लागतो, स्टिकरचा त्याला अडथळा नाही, पण काच काढता-बसवताना तो फाटला की मालक नाराज होतो. हे अनुभवाचे बोल आहेत.

व्होल्टेज बघून घ्या, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पिकअपला १२ व्होल्टची बॅटरी असते, मोठ्या ट्रकना २४ ची. १५ वॅटच्या पॅडचा रोध १२ व्होल्टला ९.६ ओहम येतो. मल्टिमीटरनं मोजा, आसपास यायला हवा. हाच पॅड कुणी २४ व्होल्टला जोडला तर दुप्पट नाही, चौपट उष्णता, ६० वॅट. इंजिन चालू असताना २४ च्या गाडीत २८ व्होल्ट असतात, म्हणजे ८० च्याही वर. काच तडकेल, चिकट थर वितळेल. काही पॅड असे असतात की तापत गेले की त्यांचा रोध वाढतो आणि ते स्वतःच प्रवाह कमी करतात. मिळाले तर तेच घ्या. ते गार असताना मोजले तर रोध कमी दिसतो, ती बिघाडाची खूण नाही.

आपल्या १२ व्होल्टच्या गाडीतही इंजिन चालू असताना १४ व्होल्ट असतात. तेव्हा १५ वॅटचा पॅड २० वॅट खातो, दीड अँपिअरच्या आत. दोन्ही मिळून तीन अँपिअरच्या आत. हेडलाइटचा एकच बल्ब ५५-६० वॅटचा असतो, त्यापेक्षाही हे कमी, म्हणजे डायनामोवर ओझं म्हणावं असं काही नाही. फ्यूज ५ अँपिअरचा. वायर पाऊण ते एक चौरस मि.मी. तांब्याची पुरते. पण रात्री स्विच चालू राहिला तर? अडीच अँपिअर गुणिले दहा तास, २५ अँपिअर-तास गेले. बॅटरी ६५ ची असेल तर तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त रिकामी, आणि तीही नेमकी थंडीत, जेव्हा डिझेल इंजिनाला सेल मारायला जास्त जोर लागतो. म्हणून पुरवठा असा हवा की चावी बंद केली की आरसे बंद.

इथे रिले येतो. तीन अँपिअरला रिले कशाला, एक चांगला स्विच पुरतो, असं कुणी म्हणेल. स्विच पुरेल, खरं आहे. पण तो करंट चावीच्या सर्किटमधून ओढायचा की नाही हा प्रश्न आहे. नव्या गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत, चावीच्या लाइनीवर इंजिनचा कंट्रोल युनिट, सेन्सर अशी नाजूक मंडळी बसलेली असतात. त्यांच्यात आपण शिरायचं नाही. रिले वापरला की चावीच्या लाइनीतून फक्त रिलेची कॉइल चालवण्यापुरता करंट जातो, अँपिअरच्या पाव भागाहूनही कमी. बाकीचा थेट बॅटरीवरून येतो.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या प्लसपासून वायर निघते, तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, मग ती ३० नंबरच्या पायाला. ८७ नंबरपासून दोन्ही आरशांकडे. ८६ ला चावी चालू असतानाच जिवंत होणारी लाइन, मधे डॅशबोर्डवरचा स्विच. ८५ ला अर्थ. फ्यूज बॅटरीजवळच का? वायर मधे कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा असुरक्षित असतो, म्हणून तो तुकडा जितका लहान तितका बरा. फ्यूज डॅशबोर्डखाली ठेवून बॅटरीपर्यंतची दोन मीटर वायर उघडी सोडलेली आम्ही पाहतो, तेव्हा ती गाडी आम्ही तशी सोडत नाही. गाडीला आग लागायची ती याच तुकड्यामुळे.

चावीची लाइन शोधताना बल्बवाला टेस्टर घेऊन वायरी टोचत बसू नका. मल्टिमीटर वापरा, आणि शक्यतो फ्यूज बॉक्समध्येच जागा शोधा. फ्यूजवर बसणारा जोड-कनेक्टर मिळतो, त्यानं मूळ वायर कापावी लागत नाही. पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या सहसा एअरबॅगच्या असतात. मूळ हार्नेस कापलेला दिसला तर वॉरंटीचा वाद होतो आणि त्यात गाडीवाल्याची बाजू लंगडी पडते, हेही ध्यानात ठेवा.

आता हात घालू. काच काढण्याआधी तिच्यावर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावा, फुटली तरी विखुरणार नाही. हातमोजे घाला. बऱ्याच पिकअपच्या आरशांत काच रबरी किंवा प्लास्टिकच्या कडेत दाबून बसवलेली असते. थंडीत ती कड कडक होते. हेअर ड्रायरनं किंवा गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं कड मऊ करा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू उचला. स्क्रू ड्रायव्हरनं नको. काही आरशांत काच मागे प्लास्टिकच्या पाटीला खटक्यांनी अडकवलेली असते. तिथे कोणत्या बाजूनं दाबलं की सुटते ते आधी बोटांनी चाचपा.

काच हातात आली की मागची बाजू बघा. चंदेरी थरावर रंगाचा थर असतो. तो पोपडे धरून सुटत असेल तर त्याच्यावर पॅड चिकटवू नका, पॅडसकट चंदेरी थरही निघून येईल. अशा वेळी नवीन काचच घ्यावी. रंग धड असेल तर स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडा करा. पॅडचा कागद एकदम सोलायचा नाही. मधली पट्टी आधी मोकळी करून मध्यावर टेकवा आणि तिथून कडांकडे अंगठ्यानं दाबत जा, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहीत. फुगा राहिला तर तिथली उष्णता काचेत जात नाही, ती जागा पॅडमध्येच तापते. डावा आरसा बाहेरच्या बाजूला फुगीर असतो, म्हणजे मागची बाजू किंचित खोलगट. तिथे तर मध्यापासूनच दाबायचं, दुसरा मार्ग नाही.

वायरींची टोकं नेहमी खालच्या बाजूला येतील असा पॅड फिरवा. पॅडमधून निघालेली वायर एकदा खाली लोंबून मग वर जाऊ द्या. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या लोंबत्या वळणावर गळून पडतं, जोडापर्यंत पोहोचत नाही. घराच्या मीटरकडे खांबावरून येणारी वायरही अशीच वळण देऊन आणलेली असते, आता जाताना बघा. जोड पिळून वर काळी टेप गुंडाळायची आपली जी सवय आहे, ती इथे चालणार नाही. मेमध्ये दाराच्या पत्र्याच्या आत एवढं तापतं की टेपचा गोंद पातळ होऊन टेप सुटून येते. लग दाबून बसवा आणि वर आकसणारी स्लीव्ह घाला. काच परत बसवताना सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नका. ते वाळताना आम्ल सोडतं, त्यानं तांबं हिरवं पडतं आणि आरशाचा चंदेरी थर कडेनं काळा होत जातो. आंबट वास नसलेलं, न्यूट्रल लिहिलेलं मागा.

वायर आरशाच्या दांड्यातून दारात, आणि दारातून गाडीत. दारात भोक पाडावं लागलं तर त्याच्या कडेला आधी प्रायमर, मग रंग, आणि मग रबरी बुश. रंग न लावता बुश बसवला तर दोन पावसाळ्यांत तिथून गंज सुरू. दार आणि बॉडीच्या मधे वायर पुरेशी ढिली ठेवा. दार पूर्ण उघडून बघा, ताण येता कामा नये. बंद करून बघा, चेपता कामा नये. हे दार रोज चाळीस-पन्नास वेळा उघडतं. आणि अर्थ दाराच्या बिजागरीवर सोडू नका. बिजागरीला ग्रीस असतं, गंज असतो, अर्थ कधी मिळतो कधी नाही. वेगळी वायर बॉडीपर्यंत आणा, रंग खरवडून बोल्टखाली लग आवळा.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १२५ वा नियम आरशाबद्दल आहे. मागून येणारी वाहनं चालकाला स्पष्ट दिसतील असा आरसा हवा, हा त्याचा मुद्दा. काचेमागे पॅड लावल्यानं आरशाचं माप, वळण, जागा काही बदलत नाही. पण त्या निमित्तानं कुणी मूळ आरसा काढून भलताच मोठा, दार ओलांडून बाहेर आलेला किंवा नुसता शोभेचा लावणार असेल, तर ते वेगळं प्रकरण झालं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं ५२ वं कलम गाडीतल्या फेरबदलांविषयी आहे, ते आधी वाचून घ्या.

सगळं जोडलं की तपासणी. चावी बंद, स्विच चालू: आरसा गार राहिला पाहिजे. चावी चालू, स्विच चालू: मल्टिमीटर फ्यूजच्या जागी लावून करंट बघा, इंजिन बंद असताना दोन्ही मिळून अडीच अँपिअरच्या आसपास. निम्मा दिसला तर एक पॅड जोडलेलाच नाही. मग उकळत्या पाण्याचं पातेलं आरशाखाली धरा, काच धूसर होऊ द्या आणि स्विच दाबून घड्याळ बघा. पडदा मधून विरायला लागतो आणि कडेला शेवटी जातो, कारण कडेला पॅड नाही. कडेची ती पट्टी राहतेच. पाच मिनिटांनी काचेला तळहात लावा, कोमट लागली पाहिजे. चटका बसत असेल तर पॅड चुकीच्या व्होल्टेजचा आहे किंवा एका जागी दबला आहे, काढा. आणि तापलेल्या काचेवर बादलीभर गार पाणी ओतू नका. गाडी धुणाऱ्या पोराला हे सांगून ठेवा, कारण स्विच चालू आहे हे त्याला दिसत नाही. स्विच छोटा दिवा असलेला घ्यावा, तो त्यासाठीच.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली, वेळमर्यादा लावता येईल का. येईल. ज्या कारमध्ये गरम आरसे कंपनीतून येतात त्यांच्यात ते बहुधा मागच्या काचेच्या हीटरबरोबर चालू होतात आणि ठराविक वेळानं आपोआप बंद होतात. पिकअपला मागच्या काचेचा हीटर नसतो, त्यामुळे तो टायमर आयता मिळत नाही. साध्या रिलेच्या जागी वेळेचा रिले मिळतो, तो १५ मिनिटांवर लावा. घाटात असाल तर परत दाबा. नुसत्या दवासाठी जाणाऱ्यांना हे उत्तम. पावसाळी घाटवाल्यांनी साधा रिलेच ठेवावा, दर पंधरा मिनिटांनी वळणावर स्विच शोधत बसणं बरं नव्हे.

दुसरी चिठ्ठी करमाडहून आलेल्या एका ताईंची आहे. त्यांचे मिस्टर दुधाची पिकअप चालवतात, पहाटे तीनला निघतात. त्या विचारतात, दोन्ही आरसे करायला पैसे नाहीत, एकच करायचा तर कोणता? ताई, डावा करा. उजवा त्यांच्या हाताला पोहोचतो, खिडकीतून फडकं फिरवता येतं. डावा पोहोचत नाही. फक्त रिले आणि वायर दोन्ही आरशांच्या हिशेबानं घाला आणि उजव्या दारापर्यंत वायर आणून टोक बंद करून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात जमलं तर फक्त पॅड आणून जोडायचा राहील.